तीन पुकारे

नवल पाटलानं शेताच्या या टोकाला हाक मारली की त्या टोकाचा बैल मान वर करी, असं कोरीटची माणसं सांगत. या गळ्यावरच त्याला तालुक्याच्या कोर्टात पट्टेवाल्याची नोकरी लागली, असंही सांगत. खरं तर भरतीच्या यादीत नंबर लागला होता, पण गावाला गळ्याचीच गोष्ट आवडे.

एकतीस वर्षं नवल त्या कोर्टाच्या दारात उभा राहिला. अंगावर पांढरे कपडे, छातीवरून लाल पट्टा, त्यावर पितळी बिल्ला. आतून साहेबानं खूण केली की त्यानं बाहेर यायचं आणि ज्याची केस निघाली त्याचं नाव पुकारायचं. एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्या पुकाऱ्यालाही माणूस आला नाही की तो गैरहजर. मग जे व्हायचं ते त्याच्या माघारी होतं.

साठाव्या वर्षी नवलनं पट्टा, बिल्ला जमा केला. आता हा पारावर बसून कोर्टाच्या गमती सांगेल असं गावानं धरलं होतं. यानं मात्र खिशातून बारावीचं मार्कशीट काढलं. नोकरीतल्या शेवटच्या वर्षांत बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरून तो गुपचूप परीक्षेला बसत होता. इंग्रजीनं दोनदा पाडलं, तिसऱ्यांदा सोडलं. ते मार्कशीट घेऊन तो नंदुरबारच्या एका लॉ कॉलेजात जाऊन उभा राहिला. वकिली पाच वर्षांची. पण ज्यांचं शिक्षण मधे तुटलं, ज्यांचं इंग्रजी लंगडं, त्यांच्यासाठी त्या कॉलेजानं आधी एक पायाचं वर्ष ठेवलं होतं. पाया पास झाला तर पहिल्या वर्षाला जागा. नापास झाला तर घरी. दुसरी संधी नाही.

बायको धनुबाई त्या सकाळी भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "आते नातू शाळामा जास का आबा जास, तेच गावले समजत नही."

"तुले समजस ना? बस्स शे मंग," नवल म्हणाला आणि डबा उचलून एस.टी.ला गेला.

का शिकतोस, असं सगळेच विचारत. पेन्शन पुरत नाही का? घरात भांडण झालं का? बार रूममधल्या एका वकिलानं तर, आता आमच्याच पोटावर पाय का, असं हसत हसत विचारलं. नवल प्रत्येकाला वेगळं उत्तर देई. खरं कारण त्यानं धनुबाईलाही सांगितलं नव्हतं.

खरं कारण म्हणजे फुलीबाई गोवाल. सात वर्षांपूर्वीची, मे महिन्यातली गोष्ट. तळोद्याच्या वरच्या अंगाला हिचं घर. नवरा मेल्यावर दिरानं घरजागेवर दावा लावला होता आणि तिची तारीख होती. दुपारचे साडेबारा. आवारातली फरशी तव्यासारखी तापलेली. नवलनं उंबऱ्याबाहेर पाय टाकला नाही. सावलीतूनच, एका दमात, उरकायचं म्हणून त्यानं तीनदा नाव घेतलं. "फुलीबाई गोवाल हाजिर है, हाजिर है, हाजिर है." कोणी आलं नाही. रोजनाम्यात लिहिलं गेलं: तीनदा पुकारूनही प्रतिवादी गैरहजर. पुढं निकालही एकतर्फीच लागला. घरजागा दिराची.

पाऊण तासानं एक बाई दाराशी आली. पदरात भाकरीचं गाठोडं, हातात समन्सचा चुरगळलेला कागद. म्हणाली, "मारं... माझं नाव कवा येल, दादा?"

ती सकाळी नऊपासून इमारतीमागच्या पाण्याच्या टाकीजवळ बसली होती. तिथं थोडी सावली होती, आणि कोणीतरी तिला तिथंच बसायला सांगितलं होतं. दारापासून चाळीस पावलं. नवलनं नंतर मोजली ती. नाव होऊन गेलं, एवढंच त्यानं तिला सांगितलं. ती थोडा वेळ उभी राहिली आणि जीपगाडीच्या वेळेला निघून गेली. ज्याचा आवाज दुसऱ्या बांधावरच्या बैलापर्यंत जाई, त्याचा आवाज चाळीस पावलं गेला नव्हता.

कॉलेज शहराबाहेर, मिरची वाळवायच्या मोकळ्या जागांना लागून. हिवाळ्यात तिथं लाल पथाऱ्या पसरल्या की खिडकीतून ठसका येई आणि अर्धा वर्ग खोकायला लागे. शिकवणारे धर्मेंद्र सरही रुमाल तोंडाला लावून कलमं सांगत. वर्गात सगळी विशी न ओलांडलेली पोरं. बाकावर नवलच्या शेजारी बसे अंकित, पेठेतल्या कापड दुकानवाल्या पुखराजशेठचा नातू. पोरगा जिभेनं तिखट, पण मनानं बरा. नवल डिक्शनरीत एकेक शब्द शोधत बसला की विचारी, "काका, तुम्ही वकील होईपर्यंत कायदे बदलणार नाहीत ना?"

"बदलले तर नवे पाठ करू. तू तुझ्या दुकानातलं मागच्या वर्षाचं कापड विकतोस ना अजून?"

जानेवारीत धर्मेंद्र सरांनी वर्षाच्या शेवटच्या परीक्षेची केस वाटली. खोटं कोर्ट भरवायचं, खऱ्यासारखं. एका बाईविरुद्ध एकतर्फी निकाल झाला आहे, तो रद्द व्हावा म्हणून तिनं अर्ज केला आहे. ऑर्डर नऊ, रूल तेरा. हे शब्द नवलनं कोर्टात हजारदा ऐकले होते, जसा पुजाऱ्याच्या दारातला माणूस संस्कृत ऐकतो. आता पहिल्यांदा त्याला त्यांचा अर्थ कळला. हजर न राहण्याला सबळ कारण असेल, तर एकतर्फी निकाल रद्द करून मागता येतो. मुदत तीस दिवस.

तीस दिवस. ती बाई समोर उभी होती तेव्हा निकाल लागायचाच होता. इतकी वर्षं त्या खोलीत उभ्या राहिलेल्या माणसाला हे माहीत असतं, तर तो तिला सांगू शकला असता. त्या दिवशी नवलनं डबा न उघडताच घरी नेला. धनुबाईनं विचारलं, तेव्हा पहिल्यांदा त्यानं सगळं सांगितलं. तिनं तो डबा उघडून त्याच्यापुढं ठेवला. मग म्हणाली, "मंग आते मधमा सोडू नका."

दुसऱ्या दिवशी सर कामं वाटायला बसले. या बाजूचे वकील, त्या बाजूचे वकील, कारकून. पट्टेवाल्यावर आले तेव्हा वर्गानं आपणहून टाळ्या वाजवल्या. नवलकाका. दुसरं कोण? सर हसले. मग वर्ग सुटल्यावर त्यांनी नवलला बाजूला घेतलं आणि अगदी मायेनं सांगितलं की, नियमानं उभं राहून बाजू मांडली तरच पास, पन्नासपैकी वीस तरी लागतात. पण परीक्षक बाहेरून येणार आहेत, निवृत्त न्यायाधीश, कडक बाई. इंग्रजी कलमांवर अडवलं तर पंचाईत होईल. तुम्ही नुसता पुकारा करा, तोच मी तुमचा भाग म्हणून धरतो. वीस मार्क माझ्याकडून पक्के.

वीस मार्क म्हणजे पाया पास. नवलला फक्त मान हलवायची होती.

"सर," तो म्हणाला, "पुकाऱ्याचा एकतीस वर्षं पगार घेतला मी. तोच करायला आता फी भरून कशाला येऊ? मला अर्जदार बाईची बाजू द्या."

"आणि पडलात तर?"

"पडलो तर उभं राहून पडलो असं तरी होईल."

सरांच्या कपाळाला आठी पडली. बाजू त्यांनी दिली, पण वाईट वाटून घेऊन दिली. पट्टेवाल्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या आणि ती अंकितच्या नावाची निघाली.

परीक्षेच्या सकाळी पोरांनी काळे कोट भाड्यानं आणले होते. नवलच्या मापाचा मिळाला नाही. धनुबाईनं परीटघडीचा पांढरा शर्ट दिला होता तोच घालून तो आला. हॉलमध्ये मॅडम येऊन बसल्या, केसांचा घट्ट अंबाडा, डोळ्यांवर सोनेरी काडीचा चष्मा. नवलनं दारातून एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग तो हॉलला वळसा घालून मागं गेला, तिथल्या पाण्याच्या टाकीमागं, आणि जमिनीवर बसला. याचा विचार त्यानं आठवडाभर केला होता, पावलंही मोजून ठेवली होती. कोणालाही सांगितलं नव्हतं.

तिथं पुकारा ऐकू आला नाही. हवेत मिरचीचा ठसका होता आणि नळ ठिबकत होता. समोर भिंत. त्या बाईनं सव्वाचार तास काय बघितलं असेल, ते त्यानं बघितलं. केसची वेळ होऊन वीस मिनिटं गेली तसा तो उठला, पँट झटकली आणि पुढच्या दारानं हॉलमध्ये शिरला.

धर्मेंद्र सरांचा चेहरा पथारीवरच्या मिरचीसारखा झाला होता. समोरच्या बाजूच्या पोरीनं अर्ज फेटाळावा अशी मागणी करूनही टाकली होती. मॅडमनी चष्म्यावरून बघितलं.

"तुमच्या बाजूचा तीनदा पुकारा झाला. तुम्ही गैरहजर होता, असं मी लिहिलंय."

"हजर होतो, मॅडम. टाकीमागं. या दारापासून चाळीस पावलांवर, सकाळपासून. पुकारा तिथवर आला नाही." नवलनं अंकितकडे बघितलं. त्याचा चेहरा पडला होता. "याचा दोष नाही. दाराबाहेर किती जायचं हे याला कोणी सांगितलं नाही. मलाही कोणी सांगितलं नव्हतं."

मग त्यानं मेमधली ती दुपार सांगितली. नाव, गाव न घेता. उंबरा, एका दमातले तीन पुकारे, भाकरीचं गाठोडं. प्रमाण मराठीत सुरू केलं होतं, मधेमधे अहिराणी डोकावू लागली.

"हे तुमच्या लेखी अर्जात आहे का?" मॅडमनी विचारलं.

"अर्जात नाही. पण तीनदा पुकारलं असं तुम्ही लिहिलं. तरी मी आवारातच होतो. सबळ कारण आनखी कसं असतं, मॅडम?"

मॅडमनी अर्जाचं पान उलटलं.

"मुदत तीस दिवसांची. तुमची अर्जदार किती उशिरा आली?"

हाच प्रश्न येणार हे त्याला माहीत होतं, आणि याचीच त्याला भीती होती. खोट्या केसमधली बाई चाळीस दिवसांनी आली होती. खरी सात वर्षांनीही आली नव्हती. "मुदत कायदा, कलम पाच," तो म्हणाला. "निकाल लागला हे तिला कोणी सांगितलंच नाही. कारण पटलं तर कोर्ट उशीर माफ करू शकतं. पटवायचं काम मन्हं शे."

मॅडमनी अर्ज मंजूर केला. मार्क वेगळे. वेळेवर हजर न राहिल्याचे दहा कापले होते. ते बरोबरच कापले, असं नवल आजही म्हणतो. उरले पन्नासपैकी तेवीस. धर्मेंद्र सर दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी पहिल्या वर्षाचा प्रवेशाचा फॉर्म त्यांनीच आणून दिला. वर म्हणाले की पुन्हा टाकीमागं बसलात तर मी स्वतः दार लावून घेईन.

सुट्टी लागली तशी नवलनं तळोदा गाठलं आणि तिथून डोंगराकडची जीप पकडली. दोन गावं विचारत फिरला. तिसऱ्या गावात कोणीतरी बोट दाखवलं. फुलीबाई लेकीच्या अंगणात मोहाची फुलं निवडत बसली होती. नवल तिच्यापासून चार पावलांवर जाऊन उभा राहिला आणि त्यानं नाव घेतलं. एकदा. थांबून दुसऱ्यांदा. मग तिसऱ्यांदा.

"ओरडतो कशाला?" ती मान वर न करता म्हणाली. "मी बहिरी नाय."

मग तिनं बघितलं, आणि ओळखलं. डोंगरातली माणसं साहेबालाही तू म्हणतात, हा तर पट्टेवाला. त्यानं सगळं सांगितलं. उंबऱ्याचंही. जागा परत मिळेल असं काही तो बोलला नाही. सात वर्षांचा उशीर मोठा आहे, कोर्ट अर्ज बाहेरही फेकेल, हे आधीच सांगितलं. पण मोफत वकील मिळतो, अर्ज लिहिता येतो, आणि त्या दिवशी ती हजर होती हे शपथेवर सांगायला एक साक्षीदार आहे. तो साक्षीदार म्हणजे तो स्वतः. स्वतःची चूक तो कोर्टात उभा राहून सांगणार होता, त्याच कोर्टात, जिथून त्याचं पेन्शन निघालं.

फुलीबाईनं आणखी दोन ओंजळी फुलं निवडली.

"तू वकील झाला का?"

"नाही. अजून पाच वर्षं आहेत."

"पाच वर्षं," ती म्हणाली. "तंवर मी राहीन का?"

"तू राहा. मी शिकतो."

तिनं सूप बाजूला ठेवलं, हात पदराला पुसले आणि आत जाऊन पत्र्याच्या पेटीतून तो चुरगळलेला कागद आणला. तो तिनं फेकला नव्हता. नवलच्या हातात देताना म्हणाली, "या वेळी माझं नाव घेतील, तवा त्या पट्टेवाल्याला सांग. टाकीमागं येऊन घे म्हणा."