पडायला शिकवणारी

मावशी गेल्याचं मिलिंदने, तिच्या मुलाने, फोनवर सांगितलं तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये होते. संध्याकाळपर्यंत इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. ‘आपल्या बर्फावरच्या मावशी गेल्या...’ मीही एक चित्र टाकलं. मला मात्र सांत्वनाचा फोन कुणी केला नाही. ती माझी सख्खी मावशी, आईची थोरली बहीण, हे इथे अमेरिकेत, ईडन प्रेरी गावात, कुणाला ठाऊकच नव्हतं. मी ते कळू दिलं नव्हतं.

बर्फावरच्या मावशी, कारण दर हिवाळ्यात ती बागेत मंडळातल्या पोरांना जमवून पडायला शिकवायची. साडीवर मिलिंदचा जाडजूड कोट चढवून, पंचाहत्तरी उलटल्यावरही आधी स्वतः पडून दाखवायची. “हनुवटी छातीला, हात टेकायचा नाही, खांद्यावर जायचं.” पोरं ओरडायची, “अगेन, मावशी, अगेन!” ही विद्या तिच्या वडिलांची, म्हणजे माझ्या आजोबांची. ते मूकपटातले विनोदी नट. त्यांचे वडील तमाशाच्या फडात सोंगाड्या होते, घर महारवाड्यातलं. बापाने पोराला खळ्यावर, कडब्याच्या पेंढ्यांवर पाडून पाडून तयार केलं. लोक हसले पाहिजेत आणि हाड शाबूत राहिलं पाहिजे, एवढे दोनच नियम. पुढे कोल्हापुरात एका फिल्म कंपनीत आजोबा सामान वाहायला लागले. एकदा नायकाला घोड्यावरून पडायचं होतं आणि तो काही केल्या पडेना. आजोबा त्याचे कपडे घालून असे पडले, की कॅमेरा फिरवणाऱ्यालाच हसू आवरेना. पुढच्या चित्रपटात त्यांना भूमिका मिळाली, पण मालकाने आडनाव काढून टाकलं. धोंडिबाचे मास्टर धनराज झाले. घराबद्दल कुणी विचारलं तर गप्प राहायचं, अशी ताकीद होती. मूकपटातला माणूस, गप्प राहिला... धम्म स्वीकारल्यावर मात्र पूर्ण नाव सांगू लागला.

हे सगळं मावशीने चार पानांवर, मास्तरणीच्या टपोऱ्या अक्षरात लिहून काढलं होतं. मंडळाने जुन्या चित्रपटांवर कार्यक्रम ठेवला होता आणि तिला बोलायला बोलावलं होतं. मजकूर मोठ्या टाइपात करून द्यायचं काम माझ्याकडे आलं. माझ्या सासरच्या आडनावावरून काही कळत नाही. दहा वर्षं मी या लोकांच्या घरी जेवले, हळदीकुंकवाला गेले, “तुम्ही कुठल्या?” या प्रश्नाला “कोल्हापूरच्या” म्हणून सुटले. आता मावशी बोलणार, आणि मग कुणीतरी आमचं नातं काढणार. सोंगाड्याचं, महारवाड्याचं पहिलं पान मी गाळलं. त्या जागी एक वाक्य टाकलं: ‘कलेची परंपरा असलेल्या घराण्यात त्यांचा जन्म झाला.’

मंचावर तिने चष्मा लावला, कागद पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं तोंडपाठ होतं. कागद बाजूला ठेवून ती बोलू शकली असती. तिने मी लिहिलेलं वाक्य वाचलं. टाळ्या पडल्या. मला हायसं वाटलं, याचीच आज सर्वांत जास्त लाज वाटते.

गाडीत तिने विचारलं, “पहिलं पान कुठं गेलं गं?”

“टाइम कमी होता, मावशी. थोडं एडिट केलं.”

“असू दे. कंपनीच्या मालकानंही हेच केलं होतं.” तिने कागदाची घडी घातली. “पण तो परका होता.”

त्यानंतर ती मंडळात कधी आली नाही. मला घालूनपाडून बोलली नाही, सणाला करंज्या पाठवत राहिली. माफी मागायला दोन वर्षं होती माझ्याकडे. मिलिंदचं घर पाच मिनिटांवर. मी गेले, चहा प्यायले, परत आले.

गेल्या आठवड्यात पत्रं आणायला गेले आणि बर्फावरून पाय सटकला. कळायच्या आत हनुवटी छातीला लागली होती, हात वर होता, खांद्यावर जाऊन मी सरळ बसले होते. लहानपणी कोल्हापुरात, गादीवर, मावशीने मलाही शिकवलं होतं. समोरच्या शुभाकाकू धावत आल्या.

“लागलं नाही ना? अगं, काय मस्त पडलीस. कुठे शिकलीस?”

“जिममध्ये,” मी म्हणाले.

काकू, हे मी ज्या मराठी पेपरच्या पुरवणीसाठी लिहितेय, ती तुम्ही वाचता. मी खोटं बोलले. मला मावशीने शिकवलं, तिला तिच्या वडिलांनी, आणि त्यांना तमाशातल्या एका सोंगाड्याने, महारवाड्यामागच्या खळ्यावर. ते माझे पणजोबा.