मोजून नेते, मोजून आणते

नावेत बसण्याआधी ती प्रत्येकीच्या पाठीवर थाप मारायची. एक, दोन, तीन करत अकरापर्यंत जायची, मग स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणायची, "बारा. मोजून नेते, मोजून आणते." परतल्यावर पुन्हा तीच मोजणी. उन्हाळ्यात आमचा तलाव कमरेएवढा उरायचा, तरी मोजणी चुकली नाही. घराला कुलूप लावून ते चारदा ओढून बघणारी माणसं तुमच्याही ओळखीची असतील. मला वाटायचं, ही त्यांच्यातलीच.

मी ब्रह्मपुरीच्या एका कॉलेजात खेळ शिकवतो. ड्रॅगन बोटीचा मुलींचा संघ काढायचं खूळ माझंच. लांबट नाव, दहा जणी वल्ही मारणार, पुढे एक ढोल वाजवणार आणि मागे एक उभी राहून सुकाणू धरणार. वल्ही मारणाऱ्या मिळाल्या, सुकाणू धरणारी मिळेना. नाव रोज कमळाच्या वेलांत जाऊन अडकायची आणि मी काठावरून ओरडायचो.

ती मोजणारी तलावाकाठच्या गावातली, मासेमारी करणाऱ्या घरातली, पस्तिशी ओलांडलेली. जाळ्याचा गुंता सोडवत तीन दिवस आमची फजिती बघत होती. चौथ्या दिवशी म्हणाली, "सर, मांगचा माणूस झोपून राह्यला का?"

मी चिडून सुकाणू तिच्या हातात दिलं. नाव सरळ गेली आणि सरळच परत आली. त्या दिवसापासून ती संघाची झाली. मुली तिला बाई म्हणायच्या, मीही तेच म्हणू लागलो.

दोन वर्षांत आमची परदेशातल्या स्पर्धेसाठी निवड झाली. थायलंडला जायचं होतं. विमानात हवाई सुंदरीनं सीटखालच्या लाइफ जॅकेटबद्दल सांगितलं, तशी बाई उठली आणि वाकून एकेका सीटखाली हात घालून बघायला लागली. हवाई सुंदरी तिला बसवायला धावली. मी शरमेनं खिडकीबाहेर बघत होतो.

"बारा हायेत, सर. तुमचं धरून तेरा," ती येऊन म्हणाली. "पण इतक्या वर हे कायले पायजे?"

हसत होतो सगळे. एक प्रणाली हसत नव्हती. ती आमची पहिल्या रांगेतली मुलगी, सगळ्या नावेचा वेग तिच्या हातावर ठरायचा. आंतरराष्ट्रीय पदक मिळालं असतं तर खेळाडूंच्या राखीव जागेतून तिला सरकारी नोकरीसाठी अर्ज करता आला असता, आणि वयाची मर्यादा त्याच वर्षी संपत होती. घरून निघताना तिच्या आईनं बाईचा हात धरून सांगितलं होतं, "माह्या पोरीचं तेवढं करून आण."

अंतिम शर्यतीत चार नावा होत्या. पदकं तीन. अर्धं अंतर झालं तेव्हा आम्ही तिसरे होतो, चौथी नाव शेजारच्याच लेनमध्ये, चांगली एका नावेच्या लांबीएवढी मागे. मी काठावर उभा होतो. एकदम त्या चौथ्या नावेनं कूस बदलली आणि ती उलटली.

आता नुसतं पोचायचं होतं. पदक आमचंच होतं. आणि आमची नाव वळली.

ढोलवाली "बाई, सरळ, सरळ" म्हणून ओरडत होती. प्रणालीनं मागे न बघता आणखी चार वल्ही मारली, पण सुकाणूपुढे वल्ह्यांचं काय चालणार? पंच शिट्ट्या मारत होते. बाई उभ्यानं, हाताचं बोट नाचवत, परक्या मुलींची डोकी मराठीत मोजत होती. "नऊ. दहा. अकरा." बारावं डोकं उलटलेल्या नावेपलीकडून वर आलं, तेव्हा ती खाली बसली.

त्या सगळ्या जणींच्या अंगावर लाइफ जॅकेटं होती. बचाव-पथकाची बोट आमच्या आधी पोचली होती. आमची कोणालाही गरज पडली नाही. आपली लेन सोडली म्हणून आम्ही बाद झालो आणि पदक दिलंच गेलं नाही.

काठावर मी तिला नाही नाही ते बोललो. शेवटी म्हणालो, "अहो, पोहता येत होतं त्यांना."

ती ओल्या जर्सीला हात पुसत राहिली. मग म्हणाली, "माह्या भावाले बी येत होते, सर. त्याचा डोंगा नदीत पलटला तवा आमचा बाबा शंभर हातावर होता. जाळं भरलं होते. म्हणे, तो पट्टीचा पोहणारा, येईल काठाले. पोहता येते म्हूनच कोणी वळत नाई."

हे सगळं ऐकूनही माणूस किती लबाड असतो बघा. परत आल्यावर संघटनेनं अहवाल मागितला, तेव्हा मी लिहिलं, 'सुकाणू धरणाऱ्या खेळाडूची चूक.' नदी, भाऊ, भरलेलं जाळं यासाठी त्या कागदावर रकाना नव्हता, असं मी स्वतःला समजावलं. पुढच्या संघातून तिचं नाव गेलं. माझ्या सहीनं गेलं.

हे सांगायला मी तिच्या घरी गेलो, तर तिनं वेगळंच विचारलं. "प्रणालीचं काय झालं?"

"काही नाही झालं. वय संपलं."

ती चुलीतली लाकडं मागेपुढे करू लागली. "मी वळली ते चुकलं नाई," ती म्हणाली. "पण पोरीचं नुकसान केलं, ते बी खोटं नाई. तिच्या मायले तोंड कसं दाखवू?"

त्या मायलेकींच्या वाटेवर ती पुन्हा आली नाही. त्यानंतर ती हंगामात तेलंगणात मिरची तोडायला जायला लागली. गेल्या वर्षी गेली ती अजून परतलेली नाही.

प्रणाली ब्रह्मपुरीत कापडाच्या दुकानात काम करते. एकदा मी विषय काढला. कापडाची घडी घालता घालता ती म्हणाली, "सर, मी पडली असती तरी बाई वळलीच असती. मले समजते ते. पण राग जात नाई, काय करू?"

बाईला संघातून कोणी काढलं, असं तिनं विचारलं म्हणून मी अहवालाचंही सांगितलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती तलावावर आली. नवा संघ नावेत बसत होता. तिनं चप्पल काढली, गुडघाभर पाण्यात उतरली आणि एकेकीच्या पाठीवर थाप मारत गेली. अकरापर्यंत आली आणि थांबली. मागे सुकाणू धरून नवी मुलगी उभी होती. तिच्याकडे बघून प्रणालीचा हात वर झाला आणि तसाच राहिला.

बाईचं ते 'बारा' म्हणायला कोणीच तयार नव्हतं. नाव तशीच निघाली.