अचानक आडवा आला

ती घटना आठवली की आजही हातातला वडा खाली ठेवावासा वाटतो. कारण त्या संध्याकाळी वडाच माझ्या तोंडात होता.

नव्वदीची सुरुवात. महामार्गालगतच्या आमच्या पोलीस ठाण्यात एका पेपरचा बातमीदार रोज संध्याकाळी फोन करायचा, "साहेब, आज काय?" त्या दिवशी काशीगावजवळ वाहनाच्या धडकेने एक इसम मयत झाला होता. वाहन फरार, साक्षीदार नाही. मी वडा चावत सांगून टाकलं, "अचानक आडवा आला असणार." छापताना त्याने 'असणार' गाळलं.

सकाळी मयताची बायको पेपर घेऊन उभी.

"सायेब, सगला गाव बोलतंय, सोताच्या चुकीनं मेला. माजा नवरा भित्रा व्हता. रस्ता रिकामा होईस्तोवर कडंला बिडी ओढत ऱ्हायचा. तुमी बघितला काय त्याला आडवा येताना?"

मी बघितला नव्हता. शेजारचा हवालदार उगाच फायली लावू लागला.

पुन्हा घटनास्थळी गेलो. गाडीच्या फुटलेल्या आरशाच्या काचा डांबरावर नव्हत्या. कडेच्या गवतात, बिडीच्या थोटकांजवळ होत्या. खबऱ्यांना सांगितलं, डावा आरसा तुटलेली गाडी शोधा. तोवर घरात माझ्या येरझारा. मुलगी ओरडली, "बाबा, टीव्हीला आडवे येताय!" तोही शब्द टोचला.

शेवटी खबर आली. मोरव्याकडच्या एका गॅरेजात टेम्पोला नवा आरसा बसत होता. चौकशीत ड्रायव्हर निवांत.

"साहब, पेपर नहीं पढ़ते क्या? वो खुद आड़े आया. पुलिस ने ही बोला है."

माझंच वाक्य मला ऐकवत होता!

"आड़े आया, तो सामने का बंपर साबुत कैसे? और आरसा घास में कैसे गिरा?"

त्याने पाणी मागितलं. मग म्हणाला, ट्रकला डावीकडून मागे टाकताना चाक रस्त्याखाली उतरलं होतं.

बातमी आली : 'फरार टेम्पो जप्त, चालक अटकेत.' नोकरीत एवढं कळलं, की फोनवर सैल बोललेलं वाक्य तपासाआधी गावात पोचतं आणि पंचनामा कोणी चहाबरोबर वाचत नाही. तरी पेपर मी घरी ऐटीतच माझ्या बायकोपुढे धरला.

तिने दोनदा वाचला. "तो कडेला उभा होता, हे कुठाय? त्या बाईला गावाला तेच दाखवायचंय ना?"

"ते छापणं त्यांचं काम."

"आडवा आला, हे कोणी सांगितलं होतं? रोज तो बातमीदार तुम्हाला फोन करतो, आज तुम्ही करा. आणि तोंडात काही न घेता."