येऊरच्या रानातली एक हाक

अरुणदादा काल सुटला.

हो, 'सुटला'च म्हणतेय. ग्रुपवर आरआयपी टाकून मोकळे झालात ना, आता जरा वाचा.

कोपरीचा अरुणदादा. ऐंशीच्या दशकात आम्हा डोंबिवलीकरांना रविवारी येऊरच्या जंगलात न्यायचा. पक्षी, बिबट्याचे ठसे, आणि मग पाड्यावर काशीबायच्या अंगणात नाचणीची भाकरी. वारली लोक कसे राहतात ते बघायला आम्ही शहाणे गळ्यात दुर्बिणी अडकवून जायचो.

रानात शिरण्याआधी काशीबाय बजावायची.

"एका हाकेला ओ द्याची नाय. तीनदा आली त माणूस. एकदाच आली त कोन हाय कुनास ठावं."

आम्ही खिदळायचो.

नलूवहिनी नाही हसायची. दादाची बायको. ती काशीबायच्या चुलीपाशी बसायची, तिच्याबरोबर कंद खणायला जायची. तिचा शब्द वहिनीला प्रमाण.

एका श्रावणात भरदुपारी धुकं उतरलं. पाड्यावर पोचलो तर वहिनी नाही.

काशीबाय नेमकी बाजाराला गेलेली. दादा एकटाच उलटा पळाला. आम्हाला अंगणात ऐकू येत होतं.

"नलूऽऽ!"

मग लांबून, दुसऱ्याच बाजूने. "नलूऽऽ!"

जीव टांगणीला लागलेला माणूस एका जागी थांबतोय कसला? एक हाक मारायची, की पुढे पळायचं.

वहिनी दुसऱ्या दिवशी सकाळी पाड्यावरच्या लोकांना सापडली. ओढ्याच्या घळीत. पाय मोडलेला, रात्रभर पावसात भिजलेली.

हॉस्पिटलमध्ये मी होते तिथे. तापाने फणफणलेली वहिनी दादाला म्हणाली,

"तुमची हाक आलेली हो. पण एकदाच. मग मी तोंड दाबून बसले."

त्याच तापात ती गेली.

काशीबायला त्याने कधी बोल लावला नाही. नव्वदच्या दशकातही लोकांना घेऊन पाड्यावर जात राहिला. मी नाही गेले. माझी छातीच झाली नाही.

पण तेव्हापासून दादा कुणाच्याही हाकेला ओ द्यायचा. टेंभी नाक्यावर कुणी भलत्याच माणसाला बोलवत असलं, तरी हा गर्रकन वळून "ओ!" लोक वेड्यात काढायचे. मीही खेकसायचे, "अरे दादा, तुला नाही बोलावलं कुणी!"

"असू दे गं. ओ द्यायला काय जातं?"

अंगावर काटा यायचा माझ्या. अजून येतो.

काल दुपारी त्याची मुलगी मुक्ता आणि मी उशाशी बसलेलो. दोघी गप्प. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

दादाने दाराकडे मान वळवली. स्पष्ट म्हणाला, "ओ. आलो."

मुक्ता दचकली. "बाबा? कोण बोलवतंय? बाबा! अहो बाबा!"

ती हाका मारत राहिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दादाने ओ दिली नाही.

जा रे दादा. मागून हाक मारत नाही मी.