अण्णाचा साफ आवाज

निवृत्त झालेल्या माणसाला सल्ला द्यायला सगळ्यांकडं वेळ असतो. मला कुणी योगासनं सांगितली, कुणी जमिनीच्या व्यवहारात ओढायला बघितलं. एकानं तर, रोज शब्दकोडं सोडवा म्हणजे डोकं गंजत नाही, असं बजावलं. शब्दकोडं मी सोडवतो. सकाळी लष्कराच्या कॅम्पातल्या मोठ्या झाडांखालून फिरून येतो, येताना भाजी आणतो आणि ती निबर निघाली म्हणून बोलणी खातो. पण हा सगळा दुपारपर्यंतचा वेळ काढायचा उद्योग. माझा खरा दिवस सुरू होतो तो शेजारचे माग जेवणासाठी बंद पडतात तेव्हा.

आम्ही बेळगावच्या शहापुरात राहतो. आमच्या भिंतीला भिंत लागून साड्यांचे माग आहेत. पूर्वी सगळी गल्ली खडखडायची, आता मोजक्या घरांत माग उरलेत, पण आमच्या शेजारी आहेत आणि जोरात आहेत. मागवाल्यांशी माझं भांडण नाही. त्यांचा तो पोटाचा धंदा, माझी ही गाणी ऐकायची हौस. त्यांची जेवणाची सुट्टी ती माझी ऐकायची वेळ, असं आमच्यात न बोलता ठरून गेलंय. सुट्टी संपली की भिंत थरथरायला लागते, मी बटण बंद करतो आणि चहा मागतो.

माझे स्पीकर कॅम्पातल्या एका फौजी कुटुंबाकडचे. फौजेतल्या माणसाची बदली झाली की अर्धं घर विकायला निघतं, अगदी कुंड्या आणि कुत्र्याची साखळीसुद्धा. हे स्पीकर लाकडी, कमरेएवढे उंच, रिक्षात मावेनात म्हणून टेम्पो करावा लागला. टेम्पो दारात आला तेव्हा बायकोला वाटलं, मी कपाटं आणली. "बरं झालं, साड्यांना जागाच न्हवती," ती म्हणाली. यात साडी काय, रुमालसुद्धा ठेवता येत नाही हे कळल्यावर तिनं माझ्याशी बोलणं टाकलं.

पुढं तर तिचा आणखी छळ झाला. स्पीकर हलू नयेत म्हणून मी त्यांच्याखाली शहाबादी फरश्या घातल्या. समोरच्या भिंतीवरनं आवाज परत यायचा, म्हणून तिथं वरपासून खालपर्यंत दोन जाड वाकळा टांगल्या. तिच्या आईनं शिवलेल्या. बायकोनं दारात उभं राहून बघितलं आणि विचारलं, "भिंतीला थंडी वाजतीया व्हय?" येणाऱ्या-जाणाऱ्याला ती हेच सांगते. पण ती स्वतः काय करते? मोबाइल स्टीलच्या वाटीत उभा करून गाणी ऐकते, आवाज मोठा येतो म्हणून. मी शाळेत जन्मभर शास्त्र शिकवलं, ध्वनीचा धडा पाठ आहे माझा. ती वाटी बघितली की माझं डोकं उठतं. आवाज मोठा असून उपयोग काय, तो साफ पाहिजे, पेटी कुठली, तबला कुठला, गाणाऱ्यानं श्वास कुठं घेतला, सगळं वेगळं ऐकू आलं पाहिजे, हे मी तिला, व्याह्यांना, गॅसवाल्याला, सगळ्यांना सांगून झालंय. लोक हूं हूं म्हणतात आणि निघतात.

माझं हे पुराण शेवटपर्यंत ऐकून घेणारा एकच माणूस, माझा थोरला भाऊ. आम्ही त्याला अण्णा म्हणतो. तो गावी, उचगावात, घरच्या शेतावर राहतो. वडील लवकर गेले तेव्हा अण्णानं नांगर धरला आणि मला शिकायला बेळगावात ठेवलं. गावात मात्र त्याची ओळख भजनात पुढं गाणारा अशी आहे. दर एकादशीला संध्याकाळी मारुतीच्या देवळात भजन असतं. अण्णा ओळ म्हणतो, मागचे टाळकरी ती उचलतात. आमच्या गावाची पट्टी उंच, पेटीची काळी चार. दुसऱ्या गावचे गाणारे तिथं आले की घसा धरून बसायचे, आणि याचा गावाला लई अभिमान.

आता अण्णाचं शेत पोरानं हातात घेतलंय. गुडघ्यांमुळं बांधावर जाणं बंद झालंय. वहिनी गेल्यापासून घरातही तो कामापुरतंच बोलतो. त्याचं म्हणावं असं एकच राहिलंय, एकादशीचं भजन. त्या दिवशी तो सकाळीच दाढी करून, धुतलेला सदरा घालून कट्ट्यावर बसतो. पुतण्या मला म्हणाला होता, "काका, ते भजन हाय म्हणून बाबा हायत."

दिवाळीत अण्णा आमच्याकडं आलता. खुर्चीत बसून ऐकलं, मान डोलावली आणि म्हणाला, "माझं गाणं ह्यातनं एकदा ऐकव की रं. जन्मभर गायलो, पर आपण कसं गातोय ते मला कवा कळलंच न्हाय. पोरं मोबाइलवर काढत्यात, त्यात नुसते टाळच वाजत्यात."

अण्णानं माझ्याकडं उभ्या जन्मात काही मागितलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की पुढच्या एकादशीपर्यंत मी त्याच तयारीत होतो. पुण्याला राहणाऱ्या आमच्या मुलीनं मला आवाज टिपायचं एक छोटं यंत्र पाठवलंय. त्याला चार माईक जोडता येतात आणि प्रत्येक माईकचा आवाज ते वेगळा ठेवतं, मागनं हवा तो वाढवावा, हवा तो कमी करावा. एक माईक मी अण्णाच्या तोंडाशी लावला, एक पेटीजवळ, एक मृदंगाला, एक टाळकऱ्यांच्या समोर. पेटीवाले आप्पा अण्णाच्याच वयाचे, दोघं पोरपणापासून शेजारी बसून वाजवत-गात आलेले. ते माझ्या वायरींकडं बघत म्हणाले, "एवढं सगळं कशाला मास्तर? मधी एक ठेवा की." मी त्यांनाही साफ आवाजाचा धडा ऐकवला. त्यांनी पेटी पुढं ओढली, पण त्यांचा चेहरा काही मला आवडला नाही. भजन दणक्यात झालं. देवळात बसून मला ते नेहमीसारखंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी माग थांबले तसे मी हेडफोन लावून बसलो. आधी फक्त अण्णाचा माईक ऐकायला घेतला. मला वाटलं, यंत्र बिघडलंय. अण्णा ओळ सुरू करायचा, अर्ध्यापर्यंत यायचा आणि आवाज फाटायचा. वरच्या सुराला तर आवाजच नव्हता, नुसता श्वास. तोंडानं तो शब्द म्हणत होता, पण गाणं त्याच्याकडनं निसटलं होतं. मी हेडफोन काढले, पुसले, पुन्हा लावले.

मग टाळकऱ्यांचा माईक लावला. पूर्वी अण्णाची ओळ संपल्याशिवाय कुणाची तोंड उघडायची टाप नव्हती. आता ओळ अर्धी झाली की सगळे मिळून ती उचलत होते, आणि उंच जागा आली की टाळ असे कडाडायचे की खाली काय चाललंय ते मारुतीलाही कळू नये. पेटीच्या माईकवर तर आणखीच काही सापडलं. प्रत्येक उंच जागेच्या आधी पेटीवाले आप्पा अगदी हळू "हं" म्हणत होते. त्यांचं "हं" आलं की टाळ वाढायचे. शेवटी मी आमची जुनी पेटी काढून सूर जुळवून बघितला. पट्टीही काळी चार नव्हती. काळी एक होती. गाव अजून काळी चारच्या गप्पा मारतं आणि आप्पांनी ती कधी खाली आणली याचा कुणी ब्र काढलेला नाही.

ही माणसं किती वर्षं अण्णाला असं झाकून धरत होती कोण जाणे. आणि मी शहाणा, चार वायरी घेऊन ते उघडं पाडायला गेलो होतो. त्यात अण्णाचा रोज फोन. "झालं का रं? कवा येऊ?" हे त्याला साफ ऐकवलं तर तो पुन्हा देवळाची पायरी चढणार नाही, आणि मग पुढं काय, हे मला पुतण्यानं सांगून ठेवलेलंच होतं.

मग मी तेच केलं जे बाकीच्यांनी केलं होतं. टाळ वाढवले, मागच्यांचे गळे वाढवले, पेटी वाढवली, अण्णाचा आवाज फक्त ओळीच्या सुरुवातीला ठेवून पुढं दाबला. या कामाला बरेच दिवस गेले. बायको एकदा मागं येऊन उभी राहिली. तिला मी सगळं सांगितलं होतं. "साफ पाहिजे, साफ पाहिजे म्हणून आमचा जीव खाल्लासा," ती म्हणाली, "आता गढूळ करायला बसलाय व्हय?" एरवी मी उसळलो असतो. पण तिचा आवाज चिडवल्यासारखा नव्हता आणि चहाही तिनं न मागता आणला होता.

अण्णा रताळ्यांची पिशवी घेऊन बसनं आला. माग थांबायची वाट बघत आम्ही शेतातल्या, पावण्यांच्या गप्पा मारल्या. मग मी त्याला खुर्चीत बसवलं, भजन लावलं आणि खिडकीपाशी उभा राहिलो, त्याचं तोंड बघायला नको म्हणून. बायको दारात होती. भजन खणखणीत वाजत होतं. माझं मलाच वाटलं, छान जमलंय.

एक अभंग झाला, दुसरा झाला. अण्णानं हात वर केला. मी थांबवलं.

"ह्यात मी कुठं हाय?" त्यानं विचारलं.

"हाईस की. सुरुवातीला कोण गातंय मग?"

"सुरुवातीला हाय. फुडं न्हाय." तो माझ्याकडं वळला. "तू बी टाळ वाढवलेस व्हय रं?"

बायको आत निघून गेली.

"तुला ठाऊक हाय?" मी विचारलं.

"आप्पा हं करतोय ते मला ऐकू येत न्हाय व्हय? त्येच्या मांडीला मांडी लावून बसतोय की मी. पट्टी उतरवली तवाच कळलं. पयल्यांदा लई राग आलता. घरी येऊन जेवलो बी न्हाय."

"मग थांबला का न्हाईस?"

अण्णा म्हणाला, "थांबायचं ठरवलंतं. पर म्हटलं, आपण उठलो तर ह्यास्नी वाटंल, आपलंच झाकणं कुठंतरी कमी पडलं. एवढं मन लावून करत्यात रं. म्हाताऱ्या आप्पाचं तर सगळं ध्यान माझ्या तोंडाकडं. मग मी बी कळलं न्हाय असं दाखवतोय. त्येंचं समाधान, माझं बी समाधान."

मी स्टूल ओढून त्याच्याजवळ बसलो. एवढे दिवस मला वाटत होतं, ही सगळी त्याला सांभाळतायत. तो त्यांना सांभाळत होता हे माझ्या चार माईकना काही टिपता आलं नव्हतं.

"आता ते टाळबिळ काढ," अण्णा म्हणाला. "मला माझं ऐकायचंय. त्यासाठीच सांगितलंतं तुला."

"अण्णा, राहू दे."

"काढ म्हणतोय न्हवं."

त्याचा शब्द मी कधी मोडलेला नाही. मी बाकीचे तिन्ही माईक बंद केले आणि फक्त त्याचा सोडला. त्या मोठ्या स्पीकरांतनं अण्णाचा फाटका आवाज खोलीभर झाला. साफ, अगदी साफ. श्वास तुटतोय, सूर घसरतोय, मधेच गिळलेली थुंकी, सगळं. मला ते सोसवेना, डोळ्यांतनं पाणी यायला लागलं. अण्णा मात्र डोळे मिटून, मांडीवर बोटानं ठेका धरून शेवटपर्यंत ऐकत राहिला. शेजारचे माग सुरू झाले तरी तो उठला नाही, कान पुढं करून ऐकत राहिला.

संपल्यावर म्हणाला, "बरंच गेलंय की." आणि माझ्याकडं वळून, "शब्द मात्र एक बी चुकला न्हाय."

"एक बी न्हाय," मी म्हणालो, आणि ते खरं होतं.

"आप्पाला ह्यातलं काय सांगू नगो." एवढं बोलून तो जेवायला उठला. उकडलेली रताळी त्यानं दुधाबरोबर पोटभर खाल्ली, बायकोला वाकळांवरनं चिडवलं आणि उन्हं उतरल्यावर बसनं गावी गेला.

पुढच्या एकादशीला मी उचगावला गेलो ते यंत्र घरी ठेवून. आप्पांनी माझ्या रिकाम्या हातांकडं बघितलं आणि पेटीचा भाता सैल केला. मला गाता येत नाही, त्यामुळं आजवर मी देवळात खांबाला टेकून बसायचो, ऐकणारा म्हणून. त्या दिवशी टाळकऱ्यांच्या रांगेत जाऊन बसलो आणि एक जोडी मागून घेतली. शेजारच्यानं सरकून जागा दिली.

अण्णानं ओळ धरली. ती चढायला लागली तसा मी कान देऊन बसलो. आप्पा "हं" म्हणाले आणि मी जेवढ्या जोरानं वाजवता येतील तेवढ्या जोरानं टाळ वाजवले.