गवताच्या कडेला

दत्ताअण्णा गवतावर पाय ठेवत नसत. इंदिरानगरच्या आमच्या बागेत लोक सकाळी अनवाणी हिरवळीवर फिरत आणि हे सिमेंटच्या पट्टीवरून, अगदी मधोमध. पहिल्यांदा भेटलो तेव्हा माझी ओढणी उडून गवतावर पडली होती. त्यांनी ती पट्टीवरूनच काठीनं ओढून दिली. म्हणाले, "वाट असताना गवतात कशाला शिरायचं?"

माझे आईवडील चळवळीतले; मी पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून वाढलेली मुलगी. मळलेली वाट सोडा, असं आमच्या घरच्या निम्म्या पत्रकांत असायचं. म्हणून मी भांडले. अण्णा हसले. "सरी," ते कानडीत म्हणाले, म्हणजे बरं. "तू सोड. मी इथून बघतो."

लष्करात ते सुरुंग पेरणाऱ्या तुकडीत होते. बायको गेलेली, मुलगा परदेशात. वडिलांच्या जुन्या घरात एकटेच राहत. पेन्शनमधला मोठा वाटा सुरुंग काढणाऱ्या संस्थेला जाई. दिवसाचा बराच वेळ महादेवपुऱ्यातल्या धर्मादाय केंद्रात. तिथं कृत्रिम पाय बसवतात. नवा पाय लावलेल्या माणसापुढे हात पसरून उलटं चालायचं, हे अण्णांचं काम. "स्वल्प हळू," ते म्हणत. "पाय नवा आहे, घाई जुनी आहे." शेवटची चाचणी अंगणातल्या खाचखळग्यांच्या हिरवळीवर असे. ती मात्र ते दुसऱ्यावर सोपवत.

त्यांच्यामागून मीही तिथं जाऊ लागले आणि केंद्रासाठी देणगीचं पत्रक लिहिलं. सैन्य परत जातं, सुरुंग तिथंच राहतात, मग आपलं सरकार त्यांच्यावर बंदी का घालत नाही, असं त्यात खडसावून विचारलं. आजही माझं तेच म्हणणं आहे. अण्णांनी वाचून चष्मा काढला. मला चिडवायचं असलं की ते अक्का म्हणत. "खरं आहे सगळं, अक्का. पण उद्गारचिन्हं इतकी, आणि पाय एकही नाही."

"मग तुमच्याबद्दल लिहू?"

"काय लिहिशील? सीमेवर आम्ही पेरलेले सगळे निघाले नाहीत. काही पुरात सरकले. ते कुणाच्या पायाखाली गेले, मला कुणी कळवलं नाही. मीही विचारायला गेलो नाही."

"तिथलं कुणी भेटलं तर?"

"सांगावं लागेल," ते म्हणाले. "त्याचीच भीती वाटते."

गेल्या हिवाळ्यात जीतो आली. सीमेवरच्या गावची, पन्नाशीची. इथं नोकरी करणाऱ्या मुलीकडे राहायला आलेली. शेताच्या बांधावर गवत कापताना तिचा पाय गेला होता. गावाचं नाव ऐकलं आणि अण्णांचे पसरलेले हात खाली आले. 

चाचणीच्या दिवशी ती हिरवळीच्या कडेला थबकली. "सिमेंटवर चालते ना मी, तेवढं पुरे," ती हिंदीत म्हणाली. मुलगी समजावून थकली. तेव्हा अण्णा तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. "तुमच्या गावात सुरुंग पेरणाऱ्यांत मी होतो."

जीतोनं कुबडी उचलली. मला वाटलं, मारेल. मारावं, असंही वाटलं. मग तिनं कुबडीनं गवत दाखवलं. "तर मग बाबा, तुम्ही पुढे चला."

अण्णा वळले. पाऊल टाकलं, थांबले, दुसरं टाकलं. सदरा पाठीला चिकटला होता. त्यांची चप्पल जिथं उठे, तिथंच ती पाय ठेवी. अशी दोघं पलीकडच्या भिंतीपर्यंत गेली. तिथं तिनं माफ केलं म्हटलं नाही आणि त्यांनी माफी मागितली नाही. दुसऱ्या आठवड्यात ती गावी गेली.

अण्णा पुन्हा पट्टीवरून चालू लागले. फोन वाजला की आधी नंबर बघत आणि मग सावकाश उचलत. मी म्हणे, "तुम्हीच करा ना जीतोला." ते म्हणत, "करायचा तर तिनं. मी कोणत्या तोंडानं करू?"

उन्हाळ्यात ते झोपेतच गेले. दुधाची पिशवी दुपारपर्यंत दाराला लटकलेली होती, तेव्हा शेजाऱ्यांना कळलं.

परवा मी केंद्रातून जीतोला फोन केला. पायाचा पट्टा बदलायचा होता. ती म्हणाली, "येते. बांधावरचं गवत अजून जमत नाही. ते बाबा असतील ना?"

मी खरं ते सांगितलं. 

"शेवटी जवळ कोण होतं त्यांच्या?"

"कुणी नव्हतं," मी म्हटलं.