काकूंची मांजरी आणि आमची सुकट

परवा तव्यावर सुकट भाजताना माझा हात आपसूक खिडकीच्या कडीकडे गेला. सांगलीला असताना शेजारच्या जैन काकूंची मांजरी या वासानं खिडकीतून थेट ओट्यावर उडी घ्यायची आणि हाकलायला गेलं की ओरबाडायची. काकूंच्या घरी तिला फक्त दूधभात. ती आमच्याकडं मासळी खाते हे त्यांना कुठल्या तोंडानं सांगायचं? शेवटी त्यांनीच माझ्या हातावरचे ओरखडे पाहिले आणि हळूच म्हणाल्या, "अगं, मला कवाच कळलंय. मांजराला कसला आलाय धरम? आधी तिला वाढ, मंग न्हाई ओरबाडायची. फकस्त इकडं धाडताना तिचं तोंड तेवढं पुस." माझा जीव भांड्यात पडला. पुढं तिच्या नावाचं एक फडकंच ओट्याशी लटकत असायचं. परवा खिडकी मी उघडीच ठेवली.